क्रिंपपाशी तुटणारी माळ

पैलूदार काचमण्यांची माळ दरवेळी एकाच जागी तुटत होती, हुकाजवळच्या क्रिंपला लागून. क्रिंप म्हणजे धातूचा बारीक मणी; तार हुकातून परत फिरवून त्यात घालतात आणि तो दाबून पक्की करतात. तार ७ पदरी होती. ती एकदा मुडपली की तशीच राहते आणि तिथेच एकेक पदर तुटत जातो. त्यात मण्याच्या भोकाची कड धारदार; तारेवरचं नायलॉनचं आवरण ती खरवडून काढते.

आता ०.३८ मिमीची ४९ पदरी तार घेतली, क्रिंप २ मिमीचे नळीसारखे. हलक्या प्रतीच्या धातूचे क्रिंप दाबताच चिरतात, ते घेऊच नयेत.

पण मुख्य चूक दाबण्यात होती. चपट्या पकडीने चेपलं की क्रिंपच्या कडा तारेत रुततात. क्रिंपच्या पकडीला दोन खाचा असतात. आधी आतल्या खाचेत दाबायचं: मधोमध पन्हळ पडते, दोन्ही तारा तिच्या दोन बाजूंना बसतात. तारा एकमेकींवर चढल्या असतील तर पकड बसत नाही, क्रिंप निसटतो. पन्हळ नीट पडली की क्रिंप ९० अंश फिरवून बाहेरच्या गोल खाचेत मिटायचा.

उरलेलं टोक २-३ सेंमी मण्यांतून मागे ओवून मगच कापलं. मण्यांमध्ये एकूण २ मिमी सैल जागाही सोडली. गच्च ओवलेली माळ वळली की सगळा ताण क्रिंपवर येतो.