स्पेनमधलं आपलं 'बोलावं'

माद्रिदला येऊन दोन-तीन महिने झाले की नवीन मंडळींची एकच तक्रार कानावर येते: स्पॅनिशचा वर्तमानकाळ जमला, पण ते 'सुबखुन्तिबो', म्हणजे इच्छा-विनंती सांगताना क्रियापद घेतं ते वेगळं रूप, काही डोक्यात शिरत नाही. मराठी माणसानं त्याची धास्ती घेऊ नये. आत्ता 'घेऊ नये' म्हणालो ना, त्याच घरातलं आहे ते.

'मला बोलायचंय' म्हणजे 'किएरो आब्लार'. पण 'मुलानं बोलावं अशी माझी इच्छा आहे' हे मात्र 'किएरो के मि इखो आब्ले'. इच्छा एकाची आणि करायचं दुसऱ्यानं, असं झालं की आपण 'बोलायचंय' सोडून 'बोलावं'वर येतो. स्पॅनिशही नेमकं तिथेच रूप बदलतं. म्हणून इंग्रजीचा वळसा घेऊ नका, थेट मराठीतून शिका.

रूप करायला सोपं. 'मी बोलतो' म्हणजे 'आब्लो'. त्याचा 'ओ' काढा. मूळ रूप 'आब्लार'सारखं 'आर'नं संपत असेल, तर त्या क्रियापदाला 'ए' लावा (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानं): आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'आ': कोमेरचं (खाणं) कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. बिबिरचंही (राहणं, जगणं) तसंच, बिबा.

सरकारी कार्यालयात पहिल्याच दिवशी हे कानावर पडेल. 'एस्पेरा' म्हणजे थांब, 'एस्पेरे' म्हणजे थांबा. 'पासे', आत या. 'फिर्मे आकी', इथे सही करा. आपलं अहो-जाहो त्या एका 'ए'मध्ये आहे, तेव्हा शेजारच्या आजींशी बोलताना तो विसरू नका. नकार देताना मात्र अरे-तुरेलाही हेच रूप लागतं: 'नो आब्लेस', बोलू नकोस.

एका ठिकाणी मराठी कान फसवतो, आणि मला ते सुटायला दोन वर्षं लागली. 'घरी पोचशील तेव्हा कळव' यात आपण भविष्यकाळ वापरतो. इथे म्हणतात, 'क्वांदो येगेस आ कासा, आबीसामे'. पुढे घडायच्या गोष्टीआधी 'क्वांदो' आला की हेच रूप. ही एवढी घोकंपट्टी कराच.

'ओखाला' हा शब्द अरबीतून आलेला, अर्थ आपल्या 'देव करो'सारखा. 'ओखाला येगे आ तिएम्पो', वेळेत पोचो.

आणि कुणी जेवत असेल तर जाता जाता 'के आप्रोबेचे' म्हणा. अंगी लागो.