पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या काचेला सेल्फ-क्लीनिंग कोटिंग करताय? आधी हे बघा

पहिली गोष्ट, नावावर जाऊ नका. कमळाच्या पानासारखं पाणी झटकणारं कोटिंग हवेत भारी दिसतं, पण बुडवून ठेवलं की त्यात अडकलेली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि खेळ खलास. दुसरं कोटिंग टायटॅनियम डायऑक्साइडचं, ते उजेडाच्या जोरावर घाण तोडतं; त्याला साधारण 387 नॅनोमीटरच्या खालचा यूव्ही लागतो, तो गढूळ पाण्यात वरच्यावरच संपतो, शिवाय त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) 2.5 च्या आसपास म्हणजे रिफ्लेक्शनची डोकेदुखी वेगळीच.

मी तरी पारदर्शक पीडीएमएस सिलिकॉन (रबरासारखं मऊ राहणारं) घेतो. अपवर्तनांक 1.41, पाण्याच्या 1.33 आणि काचेच्या 1.52 च्या मधला, त्यामुळे इमेजला त्रास नाही. बार्नेकल (पाण्यातल्या वस्तूंना चिकटणारे कवचवाले छोटे जीव) यावरही बसतात बरं का, फक्त त्यांची पकड ढिली असते, वाहत्या पाण्याने सुटतात.

काच आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (अॅक्रिलिक असेल तर अल्कोहोल अजिबात नको, बारीक तडे जातात). वरून पाणी सोडा, सलग पडदा राहिला तर साफ, थेंब फुटले तर परत धुवा. ओ-रिंगची (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीची) जागा टेपने झाका, प्रायमर लावा, नाहीतर सगळा थर सालीसारखा निघून येतो. बेस आणि हार्डनर बहुतेक किटमध्ये वजनाने 10:1 असतं, डब्यावर बघून घ्या, आणि व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढल्याशिवाय ओतू नका.

आणि हातमोजे नायट्राइलचेच! माझी पहिली काच तीन दिवस चिकटच राहिली, मिक्सिंग चुकलं म्हणून मी डोकं खाजवतोय आणि वर माझ्याच बोटांचे ठसे उमटलेले, मग कळलं की लेटेक्समधलं सल्फर सिलिकॉन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला मारतं.

पाणी साचलेलं असेल तर नुसत्या कोटिंगवर विसंबू नका, जीव दूर ठेवायला काचेभोवती तांब्याची रिंग द्या, पण हाउसिंग (कॅमेऱ्याचा बाहेरचा डबा) अॅल्युमिनियमचं असेल तर मध्ये प्लास्टिक हवंच, नाहीतर खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं. जीव मारणारा यूव्हीसी (आखूड लहरींचा यूव्ही) एलईडीही चालतो, फक्त आतून मारायचा असेल तर खिडकी क्वार्ट्झची हवी, साधी काच तो अडवते.

शेजारी त्याच कोटिंगची एक पट्टी टांगून ठेवा. ती बोटाला बुळबुळीत लागली की कॅमेरा वर काढायचा आणि मऊ स्पंजने पुसायचा, घासणी लावलीत तर कोटिंग गेलंच समजा.