घरातल्या रुग्णाला एकाच वेळी दोन मानसिक आजार असतील तर त्याच्या शरीराकडे कसे लक्ष द्यावे

स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) आणि दारूचे व्यसन, बायपोलर आजार (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके) आणि तीव्र चिंता, नैराश्य आणि तंबाखू अशा जोड्या मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात रोजच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी दगावतात. आत्महत्येचा धोका मोठा असला, तरी यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार आणि जंतुसंसर्ग यांमुळे होतात. आजार दोन असले की उपचार करणारेही दोन-तीन होतात, आणि एकाने काय दिले हे दुसऱ्याला ठाऊक नसते. ती जबाबदारी घरच्यांनीच उचलावी लागते.

त्यासाठी प्रथम एक वही करावी. डाव्या पानावर प्रत्येक औषधाचे नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि ते कोणी सुरू केले हे लिहावे. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि काढेही यावेत. उजव्या पानावर तपासण्यांचे आकडे तारखेसह लिहावेत. बायपोलर आजारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याने गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतले तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. जुलाब, भर उन्हातले काम किंवा निर्जळी उपवास यांनीही तेच घडते. हात जास्त थरथरणे, तोल जाणे, बोलणे जड होणे अशी लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लिथियमवर असलेल्यांची मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणीही ठरावीक काळाने व्हायला हवी.

ओलांझापिन आणि क्लोझापिन या स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या औषधांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून ती सुरू होण्यापूर्वीच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नोंद असावी. पहिले तीन महिने दर महिन्याला वजन करावे, तीन महिन्यांनी बाकीच्या तपासण्या पुन्हा कराव्यात आणि पुढे निदान वर्षातून एकदा तरी. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी व श्वास सोडल्यावर आकडा वाचावा; भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात. क्लोझापिनच्या रुग्णाला ताप किंवा घसादुखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. लाजेखातर ती सांगितली जात नाही, म्हणून आपणच विचारावे. विडी-सिगारेट सुटली तर क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते, तेव्हा हा आनंदाचा निर्णयही आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा.

मनोरुग्णाच्या छातीतली कळ ‘टेन्शन’ म्हणून निकालात काढली जाते, हा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. तपासणीच्या खोलीत शिरताच ‘यांना स्किझोफ्रेनिया आहे’ असे सांगण्याऐवजी ‘सकाळपासून छातीत दुखते, डावा हात भरून येतो, घाम सुटला आहे’ असे सांगावे, ईसीजीची मागणी करावी आणि त्यानंतर औषधांची वही पुढे ठेवावी.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये, कारण पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते किंवा भ्रम होऊ शकतो. झोपेची गोळी आणि दारू एकत्र पोटात गेल्यास श्वास मंदावतो. व्यसन सुटल्याशिवाय मानसिक आजारावर उपचार करणार नाही, अशी अट कोणी घातली तर ती मानू नये. दोन्हींवरचे उपचार बरोबरीने चालायला हवेत.

रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचे असतात. पहिली भेट आठवड्याच्या आत ठरवावी, गोळ्या थोड्याच दिवसांच्या आणाव्यात आणि शेतावरची कीटकनाशके दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. प्रयत्न झालाच असेल, तर पोलिसांच्या धास्तीने उपचारांना उशीर करू नये: २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी व उपचार यांची व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.