वाढदिवसाची बेटावरची ट्रिप: कपडे एकमेकांच्या बॅगेत भरा

विमान बदलताना ग्रुपमधल्या एकाचीच बॅग मागे राहते, आणि बेटाकडे विमानं कमी असली की ती यायला दोन-दोन दिवस लागतात. आमच्यात ती नेमकी वाढदिवसाच्या मानकऱ्याची होती. बिचाऱ्याने जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून, घामाघूम होत वाळूत केक कापला.

आता आम्ही असं करतो:

१. प्रत्येकाने सुती कपड्यांचा एक जोड, पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला एका पिशवीत भरायच्या.
२. ती पिशवी दुसऱ्याच्या चेक-इन बॅगेत जाते. उघडीच ठेवायची, आत काय आहे ते बॅगवाल्याला दिसायलाच हवं.
३. सनस्क्रीनची मोठी बाटलीही तिथेच. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानतळांवर 100 मिलीपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही.
४. न फुगवलेले फुगे, पताका हातातल्या बॅगेत. केकवरच्या फुलबाज्या मात्र विमानात कुठेच चालत नाहीत, त्या विसरा.

पासपोर्ट, औषधं आणि पॉवर बँक यांची अदलाबदल नाही, ज्याचं त्याच्याजवळच. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत ठेवायलाच बंदी आहे.