एका टोपात आल्याच्या बिअरचे दोन घाणे

बिअर म्हटली तरी ही आल्याची आहे. जवाची खरी बिअर परवान्याशिवाय घरी आंबवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे गुन्हा ठरते. आल्याच्या पेयाला दोन दिवसांत थंड करून आंबणे रोखले, तर त्यात मद्यार्क अगदी नाममात्र राहतो. मात्र नाममात्र म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊ नये.

सामान फार लागत नाही. सहा-सात लिटरचा स्टीलचा एक टोप, एक लिटरची काचेची बरणी, गाळणी, पंचा, नरसाळे आणि सोड्याच्या एक लिटरच्या दहा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या एवढ्यावर काम भागते. लिंबू आणि कोकम दोन्ही आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई उडालेले पितळेचे भांडे वापरू नये.

टोप एकच असला तर एका वेळी एकच घाणा निघणार असे प्रथम वाटते, आणि मीही आधी मोठा टोप आणायचा विचार केला होता. प्रत्यक्षात टोप तासाभरात मोकळा होतो. अडून बसते ते विरजण, म्हणजे पेय आंबवणारे आले-साखरेचे पाणी, आणि त्यानंतर फ्रिजमधली जागा. म्हणून सगळे वेळापत्रक विरजणाच्या सोयीने आखावे.

विरजणासाठी बरणीत अर्धा लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे आणि सालीसकट किसलेले आले व साखर प्रत्येकी दोन मोठे चमचे घालून तोंडावर पंचा बांधावा. साल काढू नये, कारण आंबवणारे यीस्ट मुख्यतः सालीवरच असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते यीस्टला सोसत नाही, तेव्हा असे पाणी उकळून रात्रभर उघडे ठेवावे. रोज एक-एक चमचा आले व साखर घालून ढवळत राहिले की मे महिन्यात तिसऱ्या दिवशी कडेने बारीक फुगे धरतात आणि चमचा घालताच फसफस ऐकू येते. पावसाळ्यात याला पाच-सहा दिवस लागतात. वर बुरशीची लव दिसली तर बरणी रिकामी करून नव्याने सुरुवात करावी. लव बाजूला काढून उरलेले वापरण्याची काटकसर येथे उपयोगाची नाही.

आता एका उकळीत दोन घाणे कसे बसवायचे ते पाहू. तीन लिटर पाण्यात ४०० ग्रॅम ठेचलेले आले आणि ८०० ग्रॅम साखर घालून वीस मिनिटे उकळावे व गाळावे. या दाट काढ्याचे दोन सारखे भाग करावेत. एका भागात अडीच लिटर उकळून गार केलेले पाणी मिसळावे, म्हणजे चार लिटर होते, आणि टोप विहिरीच्या गार पाण्याच्या घमेल्यात ठेवावा. मनगटावर टाकलेला थेंब कोमटही लागेनासा झाला की चार लिंबांचा रस आणि पाव लिटर गाळलेले विरजण घालून लगेच पाच बाटल्या भराव्यात. गरम काढ्यात विरजण घातले तर ते मरते. बाटलीत वर तीन बोटे जागा ठेवावी. बाटल्या आधी हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्याने धुवाव्यात, उकळत्या पाण्याने प्लास्टिक आकसते.

काढ्याचा दुसरा भाग, पाणी न मिसळता, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. दीड लिटरला जागा ती किती लागणार! बरणीत काढून घेतले तेवढे पाणी आणि आले-साखर घालून विरजणाला दोन दिवस सावरू द्यावे. तोवर पहिल्या पाच बाटल्या तयार होतात. मग गार काढ्यात पाणी मिसळताच दुसरा घाणा घालता येतो, निवण्याची वाट पाहावी लागत नाही. यात लिंबाऐवजी एप्रिल-मे महिन्यात दहा-बारा ताज्या रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) साली अर्धा तास भिजवून गाळल्या तर रंगही सुरेख येतो. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मात्र घालू नये, त्यात मीठ असते.

बाटली तयार झाली की नाही हे बोटांनी दाबून कळते. भरताना ती दबते, आणि दगडासारखी कडक लागली की तिला तडक फ्रिजमध्ये न्यावे. मे महिन्यात याला दीड दिवस पुरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ दाबून पाहावे आणि चिकटपट्टीवर तारीख व वेळ लिहावी. काचेच्या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. एका वर्षी प्लास्टिकच्या बाटल्या कमी पडल्या म्हणून मी शेवटची काचेची भरली आणि आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो. परतलो तेव्हा पडवीत काचा होत्या, कौलांपर्यंत शिंतोडे उडाले होते आणि भिंतीवर डोंगळ्यांची रांग लागली होती. घरात कोणी नव्हते हे नशीब.

पावसात वीज गेली तर फ्रिजमधल्या बाटल्याही पुन्हा फुगू लागतात. दोन-तीन तासांत वीज आली नाही तर झाकण किंचित सैल करून वायू सुस्कारत बाहेर जाऊ द्यावा आणि पुन्हा घट्ट करावे. पिण्यासाठी उघडतानाही बाटली मोरीत धरूनच उघडावी. तळाशी बसलेला पांढुरका गाळ यीस्टचा असतो, तो बाधत नाही. ज्याला नको असेल त्याने शेवटचे दोन घोट बाटलीतच सोडावेत.