पळस फुलला की पाखरं बघायला कसं बसायचं

फेब्रुवारीत सकाळी निघताना स्वेटर लागतो आणि नऊ वाजेपर्यंत तो कमरेला बांधावा लागतो, आपल्या विदर्भात पाखरं बघायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत, कारण नंतर ऊन बसूच देत नाही.

माझं ऐकाल तर जास्त फिरू नका. पांदणीनं जा, एखादा फुललेला पळस हेरा आणि वीस-पंचवीस पावलं दूर धुऱ्यावर बसा, पण सूर्य पाठीमागे पाहिजे, नाहीतर सगळी पाखरं काळीच दिसतात. पहिली दहा मिनिटं काही येत नाही, तेव्हा उठू नका!! आपल्या चाहुलीनं उडालेलीच पाखरं हळूहळू परत येतात. परवा तर एक खार माझ्या बुटापासून हातभर अंतरावरून गेली.

शिंजीर फुलाच्या बुडाशी चोच खुपसतो, नर उन्हात निळा-जांभळा चमकतो आणि सावलीत गेला की एकदम काळा. झाडाखाली ताजी फुलं टपटप पडत असतील तर वर बघा, पोपट बसलेला असतो, तो फूल कुरतडतो आणि टाकून देतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या थव्यानं येतात, या पाहुण्या आहेत, एप्रिलपर्यंत परत जातात. टुक टुक टुक एका लयीत चाललं असेल तर तो तांबट, शेंड्यावरच्या वाळक्या फांदीवर शोधा.

मग बोडी नाहीतर तलाव. भंडारा-गोंदियाकडच्यांना तर मालगुजारी तलाव आहेतच, पण पाळीवर उभे राहिलात की बदकं गेलीच समजा, पाळीमागून वाकून जायचं आणि डोकं तेवढं वर काढायचं. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले तर पट्टकदंब, हिमालय ओलांडून आलेला.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाला लागून शिवार असेल तर एकटे जाऊ नका, पूर्ण उजाडू द्या, गुराख्यांना विचारून घ्या. वानरं खॅक-खॅक करायला लागली किंवा चितळ ओरडलं की वाघ-बिबट जवळ असू शकतो, सरळ माघारी फिरा, फोटोबिटो राहू द्या.

वहीत तारीख, वेळ, झाड आणि पाखरू काय करत होतं एवढं लिहा, नाव नंतर सापडतं. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण पाखरू डोळ्यानं बघितल्याशिवाय लिहू नका. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पाखराला बोलवू नका प्लीज, त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, मग ते खाणंपिणं सोडून त्यालाच शोधत फिरतं.