जुनी सीएनजी गाडी घेताय? आधी आरसी बघा

रोजचं रनिंग जास्त आहे म्हणून नवीच गाडी घ्यायला पाहिजे असं काही नाही, नीट ठेवलेली सेकंडहँड सीएनजी मस्त पडते, पण रंग आणि सीट कव्हर बघून भुलू नका. आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, इंधनाच्या जागी सीएनजी लिहिलंय का ते आधी बघा, कारण बाहेरून किट बसवलंय आणि आरटीओत नोंदच नाही अशा गाड्याही विकायला येतात, मग उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाले तिथेच अडवतात. डिकी उघडून सिलिंडरवरची प्लेट वाचा, हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी, दर 3 वर्षांनी करावी लागते, तारीख उलटली असेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. गाडी सकाळी थंड असताना पेट्रोलवर सुरू करून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर बोनेटला हात लावला की कळतं. गाडीवर मालकाचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून लोनची नोंद काढायचा फॉर्म 35 बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर सह्या समोरच घ्या.

आणि घर ते स्टेशन एवढंच असेल तर गाडी कशाला, 250 वॉट आणि 25 च्या स्पीडपर्यंतची इलेक्ट्रिक स्कूटर बघा, तिला रजिस्ट्रेशनही लागत नाही आणि लायसन्सही.